संघर्षग्रस्त भागात तरुणांसाठी शांतता-शिक्षण कसे चालवावे : गडचिरोलीतील आश्रमशाळा आणि गावांसाठी टप्पेवार मार्गदर्शन

गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली, भामरागड, अहेरी, सिरोंचा, धानोरा, कोरची या तालुक्यांत किशोरवयीन मुलांसाठी शांततेचे जे उपक्रम होतात, त्यांतले बरेचसे एकाच पद्धतीने सुरू होतात आणि तिथेच संपतात. सकाळी फेरी, मग प्रतिज्ञा, मग पाहुण्यांचे भाषण, शेवटी 'नक्षलवाद : एक समस्या' यासारख्या विषयावर निबंधस्पर्धा आणि बक्षीसवाटपाचे छायाचित्र. आयोजकांचा हेतू चांगला असतो, पण क्रम उलटा असतो. ज्या विषयावर बोलण्याची सर्वांत जास्त भीती वाटते तो विषय पहिल्याच दिवशी, सर्वांदेखत, लेखी स्वरूपात मुलांपुढे ठेवला जातो. एखादा मुलगा निबंधात आपल्या गावाचा, काकाचा, रात्री आलेल्या माणसांचा उल्लेख करतो. तो कागद दहा हातांतून फिरतो, छायाचित्र व्हॉट्सॲपवर जाते, आणि दिवाळीच्या सुट्टीत मुलाला त्याच गावी परतायचे असते.

हे मार्गदर्शन आश्रमशाळांतील शिक्षक, अधीक्षक, वसतिगृहांचे गृहपाल आणि ग्रामसभांबरोबर काम करणारे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे. वयोगट साधारण १४ ते २२ वर्षांचा धरला आहे. वर्ग पूर्ण झाल्यावर मुलामुलींना चार गोष्टी जमाव्यात एवढीच अपेक्षा ठेवावी : आपसांतले भांडण हात न उगारता मिटवणे, अफवा आणि माहिती वेगळी करणे, अन्यायाविरुद्ध कायदेशीर दाद कुठे मागायची हे ठाऊक असणे, आणि शस्त्रधारी माणसाच्या दबावातून इजा न होता बाहेर पडणे. कोणाची बाजू बरोबर, हा प्रश्न या वर्गात विचारायचा नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत आत्मसमर्पण केल्यापासून आता या कामाची गरज उरली नाही, असे अनेकांना वाटू लागले आहे. मला नेमके उलटे वाटते. सी-६० या पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकातल्या जवानाची मुलगी, आत्मसमर्पित कुटुंबातला मुलगा आणि 'खबऱ्या' म्हणून ज्याच्या वडिलांना मारले तो मुलगा हे तिघे आता एकाच बाकावर बसण्याची शक्यता वाढली आहे. हिंसा कमी होण्याच्या या काळातच वर्गातल्या मोठ्यांची कसोटी लागते.

पूर्वतयारी

१. परवानगी आणि उद्देशाचे एकच वाक्य

आश्रमशाळेत मुख्याध्यापक आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय (गडचिरोली, अहेरी किंवा भामरागड यांपैकी जे लागू असेल ते), गावात ग्रामसभा, आणि अठरा वर्षांखालील प्रत्येकासाठी पालक, अशा तीन ठिकाणी परवानगी घ्यावी. ग्रामसभेची परवानगी सरपंचाच्या सहीवर भागवू नये. गावचा पाटील, गायता (गावाचा पारंपरिक प्रमुख), ग्रामसभेचा निधी सांभाळणाऱ्या कोष समितीतल्या स्त्रिया यांच्यासमोर बसून, त्यांच्या भाषेत, कार्यक्रम सांगावा. जवळच्या पोलीस मदत केंद्रालाही उपक्रमाची कल्पना द्यावी. न सांगता केलेल्या बैठकीचा अर्थ दुसराच लावला जातो.

या सर्वांना सांगायचे उद्देशाचे वाक्य शब्दशः एकच असावे. पोलिसांना 'आम्ही मुलांना नक्षलवादापासून दूर ठेवतो', गावात 'आम्ही तुमच्या हक्कांचे शिकवतो' आणि देणगीदाराला तिसरेच, अशी तीन वाक्ये केली, तर ती आठवड्याभरात एकमेकांना भेटतात आणि त्याची किंमत मुले मोजतात. 'मुलांनी भांडण बोलून मिटवायला आणि बातमी पारखायला शिकावे म्हणून वर्ग' एवढे साधे वाक्य सगळीकडे चालते आणि ते खरेही आहे.

*सावधान :* वर्गाच्या वेळी गणवेशातली किंवा शस्त्रधारी व्यक्ती खोलीत, दारात वा अंगणात असू नये. पोलिसांच्या क्रीडास्पर्धा, रोजगार मेळावे हे त्यांचे स्वतंत्र उपक्रम आहेत. त्यांच्या मंडपात हा वर्ग लावू नये. त्याच न्यायाने राजकीय पक्ष, खाणकंपनी किंवा ठेकेदार यांच्या खर्चाने जेवण, टी-शर्ट, बॅग घेऊ नयेत. सुरजागडच्या लोहखनिजाच्या खाणीवरून गावागावांत मतभेद आहेत. कंपनीचे चिन्ह असलेली वही वाटली की अर्ध्या मुलांसाठी वर्ग संपला असे समजावे.

२. कोणत्या नोंदी ठेवायच्या नाहीत

हजेरीपत्रक शाळेचे असतेच; वर्गाचे वेगळे करू नये. कोणत्या मुलाच्या घरी काय घडले, कोणाचा नातेवाईक दलममध्ये (माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत) होता, कोणाचा पोलिसांत आहे, याची यादी कागदावर, मोबाईलमध्ये किंवा अहवालात कुठेही नसावी. 'गरजू मुलांची निवड' करण्यासाठी म्हणून सद्हेतूने केलेली अशी यादी चुकीच्या हाती पडली, तर ती लक्ष्यांची यादी होते.

छायाचित्रे काढायचीच असतील तर हातांची, भिंतीवरच्या चित्रांची, रिकाम्या वर्तुळाची काढावीत. चेहरा, गावाचे नाव, शाळेचा फलक नको. देणगीदार संस्था छायाचित्रांचा आग्रह धरतात. काम सुरू होण्याआधीच हा नियम त्यांना लेखी कळवावा, म्हणजे नंतर वाद होत नाही.

३. भाषा आणि माणसे

भामरागड-एटापल्लीत माडिया, धानोरा-कोरचीकडे गोंडी आणि छत्तीसगढी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत बंगाली बोलली जाते. भीती, राग, अपमान याबद्दल मूल घरच्या भाषेतच नीट बोलते. म्हणून वर्ग चालवणाऱ्या दोन सुलभकांपैकी किमान एकाला ती भाषा आली पाहिजे आणि दोघांपैकी एक स्त्री असली पाहिजे. दुभाषा घ्यावा लागला तर तो त्याच गावचा नसावा; गावातल्या जुन्या वैराची तेढ दुभाष्याच्या निवडीतून वर्गात शिरते.

४. वेळापत्रक

वर्षाचे कॅलेंडर पुढे घेऊन बसावे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपत्ता असल्यामुळे गावातली मुले मोकळी नसतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. म्हणून बाहेरून येणाऱ्या माणसावर अवलंबून असलेला टप्पा जुलै-ऑगस्टमध्ये ठेवू नये. माओवाद्यांचा २८ जुलै ते ३ ऑगस्टचा सप्ताह आणि २ ते ८ डिसेंबरचा सप्ताह या काळात तणाव वाढतो. चळवळ क्षीण झाली असली तरी या तारखांना गावातले लोक सावध असतात. त्या आठवड्यांत नवा विषय काढू नये. खेळ, चित्रे, गोष्टी एवढेच घ्यावे. आठवड्याला दीड तासाची एक बैठक आणि संपूर्ण शैक्षणिक वर्ष, हा वेग योग्य आहे. तीन दिवसांच्या निवासी शिबिरात हे सर्व बसवण्याचा प्रयत्न करू नये.

*तपासणी :* पुढे जाण्यापूर्वी दोन्ही सुलभकांनी स्वतंत्रपणे एका कागदावर लिहावे : 'या वर्गामुळे एखाद्या मुलाला इजा झाली, तर ती कशी होईल?' उत्तरे जुळवून पाहावीत, प्रत्येक उत्तरावर उपाय ठरवावा आणि कागद फाडून टाकावा. उपाय सापडत नसेल तर प्रारंभ पुढे ढकलावा.

प्रत्यक्ष वर्ग

टप्पा १ : वर्गाचे नियम आणि उठून जाण्याचा हक्क (पहिले तीन-चार आठवडे)

नियम मुलांकडून काढून घ्यावेत, पण तीन नियम सुलभकाने स्वतः ठेवावेत. एक, कोणीही कोणत्याही क्षणी कारण न सांगता उठून बाहेर जाऊ शकतो आणि परत येऊ शकतो. दोन, कोणाचेही नाव घ्यायचे नाही. 'एका गावात एक माणूस' असेच सांगायचे. तीन, दुसऱ्याने सांगितलेले वर्गाबाहेर न्यायचे नाही.

तिसऱ्या नियमाला मर्यादा आहे आणि ती पहिल्याच दिवशी उघड सांगावी. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणे बंधनकारक आहे. कोणाच्या जिवाला धोका आहे असे कळले तरी मोठ्यांना गप्प बसता येणार नाही. 'मी कोणालाच सांगणार नाही' असे वचन देऊन नंतर ते मोडणे हा या कामातला सर्वांत महागडा विश्वासभंग आहे.

उठून जाण्याचा हक्क नुसता बोलून चालत नाही. पहिल्या बैठकीत सर्वांनी एकदा उठून बाहेर जाऊन यावे, सुलभकानेसुद्धा. लाजाळू मुलगी नंतर खरोखर उठू शकेल, ती या सरावामुळे.

टप्पा २ : भीती ओळखणे आणि शरीर शांत करणे

या भागातल्या अनेक मुलांना फटाक्याच्या आवाजाने दचकायला होते, रात्री झोप लागत नाही, किंवा ती एकदम चिडतात. शिक्षक त्याला बेशिस्त म्हणतात. या टप्प्यात भीतीची कारणे विचारायची नाहीत. भीती शरीरात कुठे जाणवते एवढेच बोलायचे. छाती, पोट, तळहात. मग लांब श्वास सोडणे, पाय जमिनीवर दाबणे, आजूबाजूच्या पाच वस्तू मोजणे, मांदरी ढोलाच्या तालावर एकत्र पावले टाकणे असे साधे सराव घ्यावेत. रेला नाच मुलांना येतोच. त्यातला ताल आणि हातात हात धरणे कोणत्याही बाहेरच्या व्यायामापेक्षा अधिक उपयोगी पडते.

सामान्य चूक अशी की कोणी रडू लागले की सुलभक त्याला 'मन मोकळे कर' म्हणून सर्वांसमोर सगळे सांगायला लावतो. तसे करू नये. घडलेला प्रसंग गटात तपशीलवार उकरून काढल्याने आराम मिळतोच असे नाही, उलट त्रास वाढू शकतो. अशा वेळी पाहा, ऐका, जोडून द्या हा क्रम पाळावा : मूल सुरक्षित आहे का ते पाहा, ते स्वतःहून जेवढे बोलेल तेवढेच ऐका, मग विश्वासाच्या माणसाशी, गरज पडल्यास डॉक्टरांशी जोडून द्या. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक आणि मुलांच्या मदतीचा १०९८ हा क्रमांक अधीक्षकांच्या खोलीबाहेर लावलेला असावा. नेटवर्क नसेल तिथे सर्वांत जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तिथे पोहोचण्याचे वाहन आधीच ठरवून ठेवावे.

*तपासणी :* आठवडाभर झोप, जेवण, खेळ बंद झालेले किंवा स्वतःला इजा करण्याचे बोलणारे मूल दिसले, तर वर्गाच्या पुढच्या टप्प्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी मदत मागावी.

टप्पा ३ : लहान भांडणांवर सराव

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. दीड-दोन महिने सुद्धा जास्त नाहीत. मोठ्या संघर्षाला हात घालण्याआधी बादली, मोबाईल, व्हॉलीबॉलची सर्व्हिस, जेवणाची रांग यांवरचे भांडण सोडवता आले पाहिजे.

एक उदाहरण बारकाईने घेऊ. आश्रमशाळेच्या हातपंपावर सकाळी साडेपाचला रांग आहे. नववीतल्या मुलीने सहावीतल्या मुलीची बादली पायाने सरकवली आणि आपली लावली. लहानी 'तू दुसऱ्या गावची, तुमची सवयच अशी' असे म्हणाली. मोठीने तिला ढकलले. बादली सांडली.

नेहमी काय होते? अधीक्षिका येते, दोघींना उभे करते, 'माफी माग' म्हणते, दोघी पुटपुटतात आणि संध्याकाळी भांडण दोन गावांच्या मुलींमध्ये पसरते. त्याऐवजी दोन सहाध्यायी मध्यस्थ बसवावेत आणि त्यांनी चारच प्रश्न याच क्रमाने विचारावेत. काय झाले, म्हणजे डोळ्यांनी काय दिसले? तुझ्या मनाला त्यात काय लागले? तुला नेमके काय हवे होते? आता दोघींना चालेल असे काय करता येईल? पहिल्या प्रश्नाला 'ती नेहमीच दादागिरी करते' असे उत्तर आले तर मध्यस्थाने ते परत वळवावे : 'आज सकाळी काय दिसले ते सांग.' तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक वेळा गाठ सुटते. मोठीला सहा वाजता स्वयंपाकघरात मदतीला जायचे होते, म्हणून घाई होती. लहानीला बादलीपेक्षा गावाचा उल्लेख केल्याची लाज वाटत होती आणि ती झाकायची होती. तोडगा मुली स्वतः काढतात : स्वयंपाकाची पाळी असलेल्यांची वेगळी रांग.

मध्यस्थांनी निकाल द्यायचा नाही. हा नियम मुलांना अवघड जातो, कारण मोठे सतत निकालच देतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने ग्रामसभेत बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत चालवली. एकाचाही विरोध असेल तर विषय पुन्हा चर्चेला येतो. तिथले अभ्यासगट हेही शिकण्यासारखे आहेत : निर्णय घेण्याच्या बैठकीआधी नुसते समजून घेण्यासाठी वेगळे बसायचे. वर्गातही हीच विभागणी करावी. शक्य असल्यास मुलांना एखाद्या ग्रामसभेत शांतपणे बसवून, मतभेद असताना बोलणे कसे चालते, हे प्रत्यक्ष पाहू द्यावे.

*सावधान :* मारहाण, छळ, लैंगिक त्रास, हुंडा किंवा बळजबरीच्या लग्नाचा प्रश्न हे 'भांडण' नव्हे. ते मुलांच्या मध्यस्थीकडे पाठवू नयेत. तिथे दोन्ही बाजू समान नसतात.

टप्पा ४ : पाहिले, ऐकले, अंदाज केला

या प्रदेशात 'खबऱ्या' या एका शब्दाने माणसे मारली गेली आहेत. 'तो आतल्यांना (म्हणजे जंगलातल्या माओवाद्यांना) डबा देतो' या एका वाक्याने पोलिसांच्या चौकशीत गेलेली माणसेही आहेत. म्हणून अफवेचा सराव हा अभ्यासक्रमाला जोडलेला विषय समजू नये. तो जीव वाचवण्याचा भाग आहे.

फळ्यावर तीन रकाने काढावेत : पाहिले, ऐकले, अंदाज केला. सुरुवातीला अगदी निरुपद्रवी वाक्ये द्यावीत : 'बाजाराच्या दिवशी बस येणार नाही', 'नव्या सरांची बदली झाली', 'नदीपलीकडे वाघ आला'. मुले ती कोणत्या रकान्यात जातात ते ठरवतात, मग विचारतात : हे पहिल्यांदा कोण म्हणाले? खोटे निघाले तर कोणाचे नुकसान? खरे की खोटे हे कळायला किती वेळ थांबता येईल? काही आठवड्यांनंतर हीच पद्धत व्हॉट्सॲपवर आलेल्या चित्रफितीला लावावी. ती दुसऱ्या राज्यातली, दुसऱ्या वर्षातली असू शकते, हे मुलांनी स्वतः शोधावे.

माणसाबद्दलचे विधान या सरावात कधीही घेऊ नये, काल्पनिक नावानेसुद्धा नाही. 'रामू शहरात का जातो' असे काल्पनिक उदाहरणही गावातल्या खऱ्या माणसाला चिकटते.

याच टप्प्यात दोन ठाम सूचना द्याव्यात. रस्त्यात, झाडावर किंवा शाळेच्या भिंतीवर पत्रक, फलक दिसला तर तो काढू नये, हातात घेऊ नये, फोटो काढू नये, पुढे पाठवू नये. जवळच्या जबाबदार मोठ्या माणसाला सांगावे आणि तिथून निघून जावे. जंगलात डबा, तार, बॅटरी, कुकर यांसारखी बेवारस वस्तू दिसली तर आल्या पावली परत फिरावे, इतरांना थांबवावे आणि कोणालाही दगड मारून पाहू देऊ नये.

टप्पा ५ : तक्रारीचे कायदेशीर मार्ग

अनेक शांतता-वर्ग इथेच चुकतात. रागाचे कारण खरे असताना मुलांना फक्त राग आवरायला शिकवले, तर ती त्याचा अर्थ 'गप्प बसा' असाच घेतात, आणि तसा अर्थ घेण्यात त्यांची चूक नसते. वनजमिनीचा दावा अडकला, तेंदूपत्त्याची मजुरी राहिली, जातीचा दाखला मिळेना, आश्रमशाळेत डॉक्टर येत नाही : या रागाला वाट दाखवणे हा शांतता-शिक्षणाचा गाभा आहे.

मुलांनी एक खरा, लहान प्रश्न निवडावा आणि तो शेवटपर्यंत न्यावा. माहिती अधिकाराच्या अर्जाला साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्ज कोणाला, कसा, पोच कशी घ्यायची हे हाताने लिहून शिकावे. वनहक्क कायदा २००६ प्रमाणे दावा आधी ग्रामसभेपुढे, मग उपविभागीय समितीकडे, मग जिल्हा समितीकडे जातो. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध ६० दिवसांत दाद मागता येते. हा प्रवास जमिनीवर खडूने काढून त्यावर मुलांनी चालावे, आणि प्रत्येक थांब्यावर 'इथे कागद अडकला तर?' या प्रश्नाचे उत्तर शोधावे. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना हाती येईपर्यंत २०११ उजाडले. हे मुद्दाम सांगावे. कायदेशीर मार्ग मंद आहे हे लपवले, तर पहिल्याच दिरंगाईत मुलांचा त्यावरचा विश्वास उडतो.

*सावधान :* वादग्रस्त खाण, पोलीस कारवाई किंवा एखाद्या व्यक्तीविरुद्धची तक्रार हा मुलांचा पहिला अर्ज असू नये. अर्जावर अल्पवयीन मुलांची नावे नकोत. सही प्रौढांची असावी.

टप्पा ६ : दबाव आला तर

आता, पाच-सहा महिन्यांनंतर, शस्त्रधारी माणसांबद्दल बोलता येते. तेही 'समजा' या स्वरूपात. दबाव दोन्हीकडून येऊ शकतो. कोणी 'चल आमच्याबरोबर' म्हणते, कोणी 'हा निरोप पोहोचव' म्हणते, कोणी 'रात्री कोण आले ते सांगत जा, मोबाईल देतो' म्हणते. निरोप्या, वाट दाखवणारा, पहारा देणारा मुलगा हाही लढ्यात ओढलेलाच मुलगा असतो. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ८३ प्रमाणे अतिरेकी गटाने मुलांची भरती किंवा कोणताही वापर करणे हा गुन्हा असून, त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. कोणत्याही प्रौढाने मुलाला बेकायदा कामाला लावणे हाही गुन्हा आहे. माहिती गोळा करण्यासाठी मुलांना वापरणे हे कोणत्याच गणवेशाला शोभत नाही, आणि ते मुलाला थेट मृत्यूच्या दारात उभे करते.

सराव वीरश्रीचा करू नये. बंदूक असलेल्या माणसाशी वाद घालायला, त्याला समजवायला किंवा त्याला ठाम नकार द्यायला मुलांना शिकवू नये. त्या क्षणी उद्देश एकच : जिवंत परतणे. म्हणून सराव वेळ मागण्याचा असावा. 'आईला विचारावे लागेल', 'माझी परीक्षा आहे', 'मला ताप आहे', 'मी एकटा ठरवू शकत नाही' ही वाक्ये घरच्या भाषेत, खाली मान घालून, शांत आवाजात पुन्हा पुन्हा म्हणून पाहावीत. नंतर काय करायचे हे त्याहून महत्त्वाचे : त्याच दिवशी कोणाला सांगायचे, हे प्रत्येक मुलाने आधीच मनाशी ठरवलेले असावे. दोन माणसे, एक घरचे आणि एक शाळेतले. ती कोण, हे वर्गात सांगायची गरज नाही.

सुलभकानेही आपली योजना तयार ठेवावी. मुलाने येऊन सांगितले तर त्याला शाळेतच ठेवायचे, दुसऱ्या वसतिगृहात हलवायचे, की नातेवाइकाकडे पाठवायचे, आणि बालकल्याण समितीशी कोण बोलेल, याची उत्तरे त्या दिवशी शोधत बसणे परवडत नाही.

टप्पा ७ : दुसऱ्या बाजूच्या घरातले दुःख ऐकणे

हा टप्पा ऐच्छिक आहे आणि अनेक वर्गांनी तो न घेतलेला बरा. वर्गात तीन-चार वेगवेगळ्या बाजूंची कुटुंबे असतील, पहिल्या नियमाप्रमाणे मुले खरोखर उठून जात-येत असतील आणि मध्यस्थी स्वतःहून करत असतील, तरच त्याचा विचार करावा.

सुरुवात दुसऱ्या प्रदेशातल्या, दुसऱ्या काळातल्या संघर्षाच्या गोष्टीने करावी, म्हणजे मुलांना आपले बोलायची सक्ती होत नाही. स्वतःचे सांगायचे असेल तर आधी सुलभकाजवळ एकट्याने, मग एका निवडलेल्या मित्राजवळ, आणि मगच, तेही त्याची इच्छा असेल तर, लहान गटात. ऐकणाऱ्यांनी सल्ला, सांत्वन, तुलना यांपैकी काही करू नये. 'ऐकले' एवढेच म्हणावे.

'आता एकमेकांना मिठी मारा', 'माफ करून टाका' असे सांगण्याचा मोह आवरावा. ज्याचे वडील गेले त्या मुलावर क्षमेची जबाबदारी टाकण्याचा अधिकार कोणत्याही कार्यक्रमाला नाही. आत्मसमर्पित व्यक्तीला पाहुणा म्हणून वर्गात आणून 'अनुभव' सांगायला लावणे हेही टाळावे. ते तिच्यासाठी धोक्याचे असते आणि पीडित कुटुंबातल्या मुलासाठी असह्य असते.

घटना घडली तर

परिसरात चकमक, हत्या किंवा अटक झाली तर ठरलेला विषय बाजूला ठेवावा. पहिल्या दिवशी मुलांचे जेवण, झोप, घरच्यांशी फोन हीच कामे. वर्गात फक्त खात्रीचे तेवढे सांगावे. 'अजून कळलेले नाही' हे वाक्य लाज न बाळगता वापरावे. दोन मिनिटांची श्रद्धांजली ठेवण्याआधी थांबावे : कोणासाठी ठेवली आणि कोणासाठी नाही, हे मुले मोजतात. घरी कोणाचा संबंध असेल त्या मुलाला वर्गात वेगळे काढू नये, पण एक मोठे माणूस दिवसभर त्याच्या जवळपास राहील अशी व्यवस्था करावी. पत्रकारांना मुलांपर्यंत पोहोचू देऊ नये.

परिणाम कसा पाहावा

प्रश्नावली भरून घेऊ नये. मुले अपेक्षित उत्तर लिहितात, आणि तो कागद पुन्हा यादी होतो. निरीक्षण पुरेसे आहे. हातपंपावरचे भांडण अधीक्षिकेपर्यंत न जाता मिटते का? अफवा आल्यावर कोणी 'तू पाहिलेस का' असे विचारते का? मुली सभेत बोलतात का? वेगवेगळ्या गावांची मुले एका ताटाशेजारी बसतात का? अहवालात हीच वाक्ये, नावांशिवाय, लिहावीत.

वर्ष संपताना

सुलभकाची बदली होते, संस्थेचा प्रकल्प संपतो, आणि मुलांना कळतही नाही की वर्ग का थांबला. शेवटची तारीख किमान एक महिना आधी सांगावी. मध्यस्थी करणाऱ्या मुलांची पुढची जोडी त्या महिन्यात तयार व्हावी. नव्या सुलभकाला पद्धत, वेळापत्रक, आरोग्य केंद्राचा संपर्क आणि आपत्कालीन योजना द्यावी. मुलांच्या घरच्या गोष्टी देऊ नयेत, त्या मुले वाटल्यास स्वतः सांगतील. मुलांची चित्रे व लिखाण त्यांना परत करावे. जे परत घ्यायचे नाही ते त्यांच्यासमोर जाळावे. फोनमधले वर्गाचे व्हॉट्सॲप गट बंद करून त्यातील संदेश काढून टाकावेत, आणि हे काम झाल्याचे मुख्याध्यापकांना तोंडी कळवावे.